रुखवताच्या खोक्यातले कांदे

बार्शी
१९ जानेवारी २०२६

सौ. दीपमाला बिराजदार यांस,
इंदुमती गव्हाणे यांचा नमस्कार.

आपण पाठवलेले कांदे परवा शनिवारी मिळाले. कांदे चांगले आहेत. एकाच मापाचे, मुळ्या कापलेले, एकही सडका नाही. तथापि मी आपल्याकडे कांदे मागवले नव्हते. मी रुखवत मागवलं होतं.

माझी भाची विजयश्री हिचं लग्न २५ फेब्रुवारीला आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, विजयश्री चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून ती माझ्याकडे. मी एकतीस वर्षं पोस्टात नोकरी केली, शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. शाळा सुटली की मुलगी घरी न जाता पोस्टात यायची आणि काउंटरमागे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. म्हणून बाकीच्या वस्तूंबरोबर एक लहानसं पोस्ट ऑफिस करून द्या, असं मी मुद्दाम कळवलं होतं. आपण वेबसाइटवर फोटो टाकलात, तो विजयश्रीने मला दाखवला. जाळीची खिडकी होती, लाल पेटी होती आणि स्टुलावर वही घेऊन बसलेली मुलगीसुद्धा होती. तो फोटो पाहून मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

शनिवारी शेजारच्या चार बायका बोलावून, खोक्याला कुंकू लावून ते उघडलं. पहिला कांदा निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, वस्तू हलू नयेत म्हणून घातला असेल. दहावा निघाल्यावर बायका एकेक करून उठल्या.

वेबसाइटच्या नंबरवर फोन केला तर तिथे यंत्र बोलतं. आपला नंबर कंपनी देत नाही. खोक्यावर आपला पत्ता मात्र आहे, आणि पत्ता हातात असताना माझं कधी कुणावाचून अडलेलं नाही. शिवाय तक्रार मी नेहमी लेखीच करते. रजिस्टर पोस्ट सरकारने स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आपण हे जाणूनबुजून केलं असेल तर तसं लिहा. चुकून झालं असेल तर तसं लिहा. मला उत्तर हवं आहे.

इंदुमती गव्हाणे


कुरुळी, ता. खेड
२३ जानेवारी २०२६

आदरणीय इंदुताईंना,
दीपमालाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पोस्टमनला म्हणाले, तुम्ही चुकीच्या दारात आलात, आम्हाला बँकेशिवाय कुणी लिहीत नाही. मग वाचलं आणि खालीच बसले.

ताई, मी कांदे पाठवले नाहीत. देवाशपथ सांगते. मी मूळची औशाकडची. आमचे हे, गणराज, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. कुरुळीत यशवंतरावांच्या चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. एका खोलीत आम्ही राहतो, दुसरीत रुखवत राहतं. तीन वर्षं झाली हे काम करतेय. गणराज कामावर गेले की मी सुपारीला नऊवारी नेसवत बसते. पण तुमच्या पोस्ट ऑफिसाइतका जीव कशात लावला नव्हता. बारा दिवस लागले. स्टुलावरच्या मुलीची वेणी तीनदा सोडून घातली, कारण तुम्ही कळवलं होतं की तिची वेणी कायम सुटलेली असायची. सुटलेली वेणी घालणं लई अवघड असतं.

वस्तू मी स्वतः भरल्या. प्रत्येकीला कापूस, मग कागद, मग भुसा. वजन भरलं सहा किलो दोनशे. खोक्यावर चारी बाजूंनी लाल पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आत लग्नाचं रुखवत आहे, आपटू नका.’ यापेक्षा माणसानं आणखी काय करावं?

वेबसाइटवाल्यांकडं तक्रार टाकली. त्यांनी विचारलं, ग्राहकानं खोकं उघडतानाचा व्हिडिओ आहे का. मी नाही म्हणाले. तुम्ही भरतानाचा आहे का? तोही नाही. मग त्यांनी कळवलं की निघताना वजन सहा किलो दोनशे होतं, पोचताना सहा किलो दोनशेच आहे, म्हणजे वाटेत काही गेलेलं नाही.

एकच माणूस मदतीला धावला. कुरियरचा टेम्पो घेऊन रोज पार्सलं न्यायला येतात ते कोंडाजी काका, इथल्याच गावचे. मी रडतेय बघून त्यांचाच चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गोडाऊनमधी सगळं उलटंपालटं करून बघितलं, न्हाई घावलं. असा माणूस आजकाल मिळत नाही.

तुम्ही म्हणाल तर पैसे लगेच परत करते. पण लग्नापर्यंत मला वेळ दिलात तर सगळं पुन्हा करून देईन. पोस्ट ऑफिससुद्धा.

तुमची,
दीपमाला


बार्शी
२७ जानेवारी २०२६

सौ. दीपमाला हिस,
नमस्कार.

पत्र मिळालं. वेणीबद्दलचं वाक्य खोटं बोलणारी बाई लिहिणार नाही, म्हणून तुझ्यावरचा संशय मी काढून घेतला आहे. वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, राग नसावा. पैसे नकोत. वस्तू हव्यात.

आता चोरीकडे वळू. नोकरीत पार्सलं फोडल्याची सात प्रकरणं मी स्वतः हाताळली. घाईतला चोर दगड घालतो, वीट घालतो, रद्दी घालतो. पाहिजे तेवढं वजन झालं की मोकळा होतो. आपल्या चोराने काय केलं? त्याने मोजून सहा किलो दोनशे ग्रॅम कांदे भरले. म्हणजे त्याच्याकडे तराजू होता आणि सवड होती. कांदे निवडून घेतले, म्हणजे त्याच्याकडे निवडण्याइतके कांदे होते. पहिल्या चिकटपट्टीवर त्याच रुंदीची दुसरी पट्टी अगदी सरळ लावली आहे, म्हणजे हात स्थिर होता. माणूस चांगल्या वळणाचा वाटतो.

सवड, तराजू आणि खोक्याशी एकांत. तिन्ही गोष्टी तुझ्या घरातच जुळतात. म्हणून नाइलाजाने विचारते. तू कामात असताना तुझे यजमान दुसऱ्या खोलीत काय करतात?

विजयश्री म्हणाली की वेबसाइटवर ग्राहकाने अभिप्राय लिहायचा असतो. मी जे खरं ते लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, ‘कांदे उत्तम, परंतु मागवले नव्हते.’ पाचपैकी किती तारे द्यायचे असं विचारत होती. कांद्यांना पाचच द्यावे लागले.

कळावे,
इंदुमती गव्हाणे


कुरुळी
१ फेब्रुवारी २०२६

इंदुताईंना नमस्कार.

तुम्ही मला अगं-तुगं केलंत ते गोड वाटलं. पण यांच्यावर संशय घेतलात ते बरं नाही केलं. मी पत्र यांना वाचून दाखवलं. हे आठ तासांची शिफ्ट, वर चार तासांचा ओव्हरटाइम करून आले होते. शांतपणे म्हणाले, ‘मला तराजू कुठं ठेवलाय तेच माहीत नाही.’ ते खरंच आहे. यांना चहाची साखरही माहीत नाही. आणि आता तुमच्या पोस्टाची लाल पेटी तेच बनवतायत. कंपनीतल्या ओळखीच्या पेंटरकडून गाडीचा लाल रंग मागून आणलाय. यावेळची पेटी आधीपेक्षा चकाकते.

दुसरं असं की तुमच्या त्या अभिप्रायामुळं माझं दुकान बंद झालं. वेबसाइटवाल्यांनी फक्त ‘कांदे उत्तम’ एवढंच वाचलं. मला मेल आला की तुम्ही परवानगी नसताना नाशवंत माल विकताय, खुलासा येईपर्यंत दुकान स्थगित. मी तीन खुलासे पाठवले. तिसऱ्याला उत्तर आलं की कांदा साठवणुकीचा परवाना जोडा. मी तुम्हाला दोष देत नाही, ताई. पण लग्नसराईचे दिवस आहेत आणि आमच्या गल्लीतल्या तीन बायका माझ्याकडं हातानं मणी ओवायला येतात. त्यांना काय सांगू?

पोलीस चौकीतही जाऊन आले. कोंडाजी काकाच टेम्पोतून घेऊन गेले, साक्षीला कुणीतरी पाहिजे म्हणून. हवालदार भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गेलं काय? रुखवत. आलं काय? कांदे. कुणाचे कांदे गेल्याची तक्रार आहे का? नाही. काकांना पण विचारलं, तुम्हाला काय माहिती. काकांना एवढा घाम फुटला की हवालदारांनी पाणी दिलं. गरीब माणसाला चौकीची भीती वाटते.

काकांचं मला लई वाईट वाटतं. त्यांची जमीन कंपनीत गेली, आता सकाळी भावाचा कांदा टेम्पोतून चाकणच्या मार्केटला पोचवतात आणि मग पार्सलं गोळा करत फिरतात. आम्हालाही कधी कधी वानोळा म्हणून पाच-सहा किलो निवडून आणून देतात. त्यांच्या बायकोचा हात महिन्यापूर्वी मोडला आणि मुलीचं, पिंकीचं, लग्न आठ तारखेला आहे. पत्रिका द्यायला आले तेव्हा म्हणाले, ‘ताई, तुमी कामात आसाल, न्हाई आलात तरी चालंल.’ बघा किती समजूतदार. पण आमच्या घरमालकीणबाई, शालनबाई, मला सोडणार नाहीत. मी जाणार आहे.

तुमचं काम जोरात आहे. सुपारीचं जोडपं आणि तुळशीवृंदावन झालंय. आजपासून पोस्ट.

दीपमाला


बार्शी
५ फेब्रुवारी २०२६

चि. दीपमाला,

दुकान बंद पडल्याचं वाचून अपराधी वाटलं. वेबसाइटला मी स्वतः सविस्तर पत्र लिहीत आहे. पत्ता शोधते आहे, कारण त्यांच्या पत्त्याच्या जागी नुसताच डबा आहे आणि त्यात टाइप करा म्हणतात.

परंतु हे पत्र दुसऱ्या कारणासाठी. तुझ्या यजमानांची माफी मागते. आणि तुझंच पत्र पुन्हा वाचावंस अशी विनंती करते. ‘वानोळा’ या शब्दापाशी थांब. मग त्याच्या पुढची दोन वाक्यं वाच. मग खोक्यावर तू चारी बाजूंनी काय लिहिलं होतंस ते आठव.

आठ तारखेला लग्नाला गेलीस तर रुखवत नीट पाहून ये.

इंदुमती गव्हाणे


कुरुळी
१० फेब्रुवारी २०२६

ती. इंदुताईंना नमस्कार.

तुमचं पत्र काल सोमवारी मिळालं, तोवर लग्न झालं होतं. लग्न चांगलं पार पडलं. जेवण चांगलं होतं. गर्दी फार असल्यामुळं रुखवत नीट बघता आलं नाही.

काकांबद्दल तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. ते साधे आहेत. ज्यानं नेलं त्याला देव बघून घेईल. आता शोध थांबवावा, अशी विनंती. तुमचं रुखवत वेळेत होईल, त्याची काळजी नसावी.

थंडी कमी झाली आहे. तब्येतीला जपा.

दीपमाला


बार्शी
१३ फेब्रुवारी २०२६

चि. दीपमाला,

मागची दोन पत्रं तू तीन-तीन पानं लिहिलीस. त्यात तुझ्या यजमानांना चहाची साखर माहीत नाही इथपर्यंत सगळं कळवलंस. आणि एका आख्ख्या लग्नाचं तुझ्याकडे दहा ओळींचं वर्णन, त्यात एक ओळ हवामानाची. रुखवत करणारी बाई लग्नात रुखवत पाहत नाही, हे मी मान्य करावं अशी तुझी अपेक्षा आहे का?

मला राग आलेला नाही. पण त्या खोक्यातली मुलगी माझी आहे. ती कुठे आहे ते कळण्याचा मला हक्क आहे.

वाट पाहते.

इंदुमावशी


कुरुळी
१६ फेब्रुवारी २०२६

ती. मावशी,

तुम्ही खाली मावशी लिहिलंत आणि माझी खोटं बोलायची सोय राहिली नाही. सगळं सांगते.

आठ तारखेला शालनबाईंबरोबर कार्यालयात गेले. अक्षता पडल्या, लोक जेवायला वळले आणि शालनबाई म्हणाल्या, चल, रुखवत बघू. टेबलाभोवती बायकांची दाटी. मी टाचा उंच करून बघितलं तर माझी सुपारीची नवरा-नवरी. आधी वाटलं, कुणीतरी माझी नक्कल केलीय. मग तुळशीवृंदावन दिसलं, जात्यावरची बाहुली दिसली आणि मधोमध तुमचं पोस्ट ऑफिस. वरच्या पाटीवर मी ‘विजयश्री’ लिहिलं होतं, त्यावर ‘पिंकी’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठी आखूड पडली होती, त्यामुळं पाटी ‘पिंकीश्री’ अशी वाचायला येत होती.

नवऱ्याकडच्या एका बाईनं विचारलं, रुखवतात पोस्ट कशाला? पिंकीची आई गळ्यात हात अडकवून उभी होती. ती म्हणाली, आता हीच फॅशन हाय. दुसऱ्या बाईनं आपल्या मनानंच सगळ्यांना सांगितलं की नवरा मुलगा पोस्टात लागलाय. तो आमच्या यांच्याच कंपनीत आहे.

मी फोन बाहेर काढला. फोटो काढायचा, चौकीत दाखवायचा, दुकान उघडून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात पिंकी सासूला घेऊन तिथं आली. सासूबाईंचा चेहरा सकाळपासून ताणलेला होता. मुलीकडचं रुखवत कोण करतंय म्हणून त्यांनी साखरपुड्यापासून तीनदा निरोप पाठवला होता, असं शालनबाई कानात सांगत होत्या. पिंकीनं एकेक वस्तू दाखवली. म्हणाली, आईचा हात मोडला म्हणून आप्पांनी आणलं. सासूबाई पोस्ट ऑफिसपाशी वाकल्या, जाळीतून आत बघितलं, स्टुलावरची मुलगी बघितली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. पिंकीचा चेहरा असा काही फुलला की माझा फोन हातातच राहिला.

शालनबाईंची नजर लई बारीक. त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘दीपमाला, हे तर तुझ्या हातचं दिसतंय गं.’

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. काका पलीकडं जिलबीची परात घेऊन उभे होते, ते जागच्या जागी थांबले. मी म्हणाले, ‘हो, माझंच आहे. काकांनीच माझ्याकडून नेलं.’

मावशी, यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मग आम्ही जेवायला बसलो तेव्हा काका आले आणि माझ्या ताटात जिलबी वाढायला लागले. पुरे म्हटलं तरी थांबेनात. अकरा झाल्या तेव्हा शालनबाईंनी ताट ओढून घेतलं.

हे सगळं तुम्हाला कळवलं असतं. पण पुढचं सांगायची लाज वाटली. त्याच टेबलापाशी तीन बायकांनी मला ऑर्डर दिली. एकीला तर पोस्टासकट सगळं जसंच्या तसं पाहिजे. तुमची वस्तू चोरीला गेली आणि तिच्यावर मी धंदा करून आले. घरी आल्यावर जेवले नाही. आधीच अकरा जिलब्या झाल्या होत्या, पण तसंही गेलं नसतं.

गुरुवारी दुपारी काका आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. चहा ठेवला तर घेतला नाही. टोपी हातात फिरवत म्हणाले, ‘वाचाया येतंय म्हणून घात झाला, ताई. तुमी चारी बाजूंनी लिवलं व्हतं.’

मी विचारलं, मागितलं असतं तर मी दिलं नसतं का? ते म्हणाले, मागायची लाज वाटली, न्यायची वाटली न्हाई, आसं उलटं झालं बगा. त्या दिवशी सासूबाईंचा तिसरा निरोप आला होता. घरी बायकोच्या हाताला प्लास्टर. आणि टेम्पोत सगळ्यात वर ते खोकं. घरी नेऊन उघडलं, मग बंद करायचा धीर झाला नाही. कांद्याचं विचारलं तर म्हणाले, ‘त्या बाईंचं अगदीच नुस्कान नगं म्हणून निवडून भरलं. वजनबी बरोबर दिलं.’ वजन बरोबर दिल्याचं त्यांना अजून समाधान आहे.

आता अवघड असं आहे. वस्तू पिंकीच्या सासरी गेल्या, त्या परत मागता येत नाहीत. पिंकीला आणि तिच्या आईला वाटतं, आप्पांनी विकत आणलं. वेबसाइटला खरं कळवलं तर माझं दुकान उघडेल आणि काकांची भाकरी जाईल. नाही कळवलं तर माझ्या मणी ओवणाऱ्या बायका बसून राहतील. मी रोज एकदा मेल लिहिते आणि पुसते.

तुमचं नवं रुखवत तयार आहे. ते कुठल्याही कुरियरनं पाठवायचा मला धीर नाही. काका म्हणाले, मी सोता जाऊन देतो, त्या बाई काय म्हनतील ते आयकून घेतो. तेवीसला पहाटे निघतील. तुम्ही नको म्हणालात तर मी एसटीनं घेऊन येईन. काय करू ते सांगा.

तुमची,
दीपमाला


बार्शी
२७ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. दीपमाला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, कारण दोन दिवस मला ते लिहिता आलं नाही. पोस्टात असताना असं प्रकरण आलं असतं तर एका ओळीचा अहवाल लिहून वर पाठवला असता. पण तुझ्या पत्रातली ती मुलगी, सासूला एकेक वस्तू दाखवणारी, तिचं काय करायचं ते अहवालात कुठे लिहितात मला माहीत नाही. तोवर तेवीस तारीख उजाडली आणि दुपारी दारात टेम्पो उभा राहिला.

मी तयारीत होते. चौदा प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते, एकेकाला उत्तर घ्यायचं आणि खाली सही घ्यायची. तुझे कोंडाजी टेम्पोतून उतरले ते खोकं छातीशी धरून. त्यांनी ते देवासमोर ठेवलं आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी पहिला प्रश्न विचारला. म्हणाले, व्हय. दुसरा विचारला. व्हय. चौदाच्या चौदा प्रश्नांना त्यांनी व्हय म्हटलं. अकरावा प्रश्न ‘यापूर्वी असं केलं आहे का’ हा होता. त्यालाही व्हय म्हणाले आणि मग घाबरून न्हाई म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस आहे. चोरीचीही नसावी.

शेवटी मी म्हणाले, दीपमालाचं दुकान तुमच्यामुळे बंद आहे, त्याचं काय करणार? त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. शनिवारीच त्यांनी कुरियरच्या सुपरवायझरला सगळं सांगून टाकलं होतं आणि तसं लिहून घेतलं होतं. कामावरून त्यांना त्याच दिवशी काढलं. तुला सांगितलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘ताईंनी मला थांबवलं आसतं.’ मला फार राग आला, दीपमाला. एवढं लिहून तयारी केली आणि या माणसाने रागवायला काही शिल्लकच ठेवलं नाही. मग मी त्यांना पोहे दिले. त्यात त्यांचेच कांदे होते, ते त्यांनी ओळखले.

तो कागद विजयश्रीने फोटो काढून वेबसाइटला पाठवला. काल तुझं दुकान पुन्हा उघडलेलं तिने मला फोनवर दाखवलं. तुझ्या ऑर्डरींबद्दल लाजू नकोस. पोस्ट ऑफिस तुझ्या हातचं आहे, हवी तितकी काढ, फक्त स्टुलावरच्या मुलीची वेणी बाकीच्यांना नीट घाल. सुटलेली वेणी आमच्या एकटीची राहू दे. कोंडाजींना मी सांगितलं आहे की आता तुझी रुखवतं थेट कार्यालयात पोचवायचं काम त्यांनी करावं. तुझी परवानगी न घेता सांगितलं, ही माझी जुनी खोड आहे.

आता लग्नाचं. खोकं उघडलं ते मी, विजयश्री आणि कोंडाजी अशा तिघांच्या देखत, आणि यावेळी तिने पहिल्यापासून चित्रीकरण केलं. पोस्ट ऑफिस निघालं तेव्हा पोरगी पुढे वाकली. स्टुलावरच्या मुलीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते. एवढंच लिहिते, बाकीचं तुला समजेल.

कोंडाजी परत जायला निघाले होते. लग्न परवावर आलं असताना दारातून पाहुण्याला जाऊ देत नाहीत, म्हणून ठेवून घेतलं. लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं आणि हे गृहस्थ टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. सकाळी आठपासून. कुणी वस्तूला हात लावला की उठून उभे राहत. नवऱ्या मुलाच्या आत्यांनी सुपारीची नवरी उचलून बघितली, तर ती जागेवर जाईपर्यंत ते आत्यांच्या हाताकडे बघत होते. आत्या मला येऊन विचारून गेल्या, तुमच्याकडचे हे कडक गृहस्थ कोण? मी सांगितलं, आमच्या पार्सल खात्यातले.

अक्षता झाल्या, पंगती उठल्या, तीन वाजत आले तरी ते तिथेच. मी जाऊन म्हणाले, चला, जेवून घ्या. ते म्हणाले, ‘नगं, बाई. मी हितनं हाललो आन् काय गेलं, तर नाव माझंच यील.’

मी दोनदा सांगितलं, हलेनात. मग मीच शेजारची खुर्ची ओढून तिथे बसले, त्यांना उठवलं आणि जेवायला पाठवलं.

यजमानांना नमस्कार सांग. त्यांची लाल पेटी लोकांनी हात लावून पाहिली.

तुझी,
इंदुमावशी